पाळीच्या कळा: घरच्या घरी काय करायचं आणि कधी करायचं

पाळीत पोट दुखायला लागलं की बहुतेक मुली एकाच क्रमाने वागतात. आधी दुर्लक्ष करतात, मग पोट धरून बसतात, मग आडव्या होतात, आणि अगदीच सहन होईना की कुणाकडे तरी गोळी मागतात. तोवर अर्धा दिवस गेलेला असतो. गोळीला काम करायला आणखी तासभर लागतो आणि ‘मला गोळी लागूच पडत नाही’ असा समज पक्का होतो. पुष्कळदा गोळी योग्यच असते, शेकही योग्य असतो, फक्त उशीर झालेला असतो. म्हणून या लेखात काय करायचं याच्या बरोबरीने ते कधी करायचं, यावर माझा जास्त भर आहे.

लेख आहे नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींसाठी, म्हणून ‘तू’ म्हणूनच बोलते. घरातल्या मोठ्यांनीही तो वाचावा, कारण औषधांचा डबा त्यांच्या ताब्यात असतो.

दुखतं कशामुळे

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला दर महिन्याला एक अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते सुटतं आणि रक्ताबरोबर बाहेर पडतं. सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर येतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो. तो आवळला की त्याला होणारा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी पडतो आणि कळ येते. सैल झाला की कळ ओसरते. म्हणून हे दुखणं एकसारखं नसतं, येतं-जातं. ओटीपोटात सुरू होऊन ते कमरेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूलाही उतरतं. हीच रसायनं आतड्यांवरही परिणाम करतात. पहिल्या दिवशी दोन-तीनदा पातळ शौचाला होणं, मळमळणं, डोकं दुखणं, हे सगळं त्यातूनच येतं. ‘काहीतरी खाण्यात आलं असेल’ असं वाटून पोटाचं भलतंच औषध घेतलं जातं, तेव्हा हे लक्षात ठेव.

रसायनांचा जोर सुरुवातीलाच जास्त असतो. रक्तस्रावाच्या थोडं आधी किंवा त्याबरोबर कळा सुरू होतात, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतात आणि दोन-तीन दिवसांत थांबतात. साध्या पाळीच्या दुखण्याचा हा ठरलेला नकाशा आहे. तुझं दुखणं या नकाशाबाहेर जात असेल तर ‘घरचा उपाय कधी पुरा पडत नाही’ हा भाग आधी वाच.

आणखी एक गोष्ट अनेकींना घाबरवते. पहिले काही महिने पाळी आली तरी दुखत नाही, आणि सहा महिन्यांनी, वर्षभराने अचानक कळा सुरू होतात. यात सहसा काहीही बिघडलेलं नसतं. सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांत बीजांडकोशातून बीज बाहेर पडतच नाही, आणि अशा पाळीत प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतात. शरीराची घडी बसली, दर महिन्याला बीज सुटू लागलं, की दुखणंही सुरू होतं.

पायरी १: दोन-तीन महिने नोंद ठेव

वेळेवर काही करायचं तर वेळ माहीत हवी. किशोरवयात दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवसांचं असू शकतं आणि ते महिन्यागणिक बदलूही शकतं, त्यामुळे नुसत्या कॅलेंडरवर विसंबू नकोस. पाळी येण्याआधी तुझं शरीर कोणत्या खुणा देतं ते पाहा. कुणाची कंबर आदल्या रात्रीपासून जड होते, कुणाची छाती दुखते, कुणाला आधी तपकिरी डाग दिसतो. या खुणा प्रत्येकीच्या वेगळ्या असतात आणि नोंद ठेवल्याशिवाय सापडत नाहीत.

वहीचं मागचं पान पुरे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखणं कल्पनेतही नाही, असं माप धर. एखाद्या दिवसाची नोंद अशी दिसेल:

‘काल रात्री कंबर भरून आली. सकाळी ६ ला डाग. ७ ला कळा, ४. थोडं खाऊन गोळी घेतली, पोटाला शेक. ९ ला २ वर आलं. शाळेत गेले. दुपारी २ ला पुन्हा ५. गोळी जवळ नव्हती. शेवटचा तास बुडाला. पॅड ४ वेळा बदलला.’

एवढ्या ओळींत किती गोष्टी कळल्या बघ: खूण कोणती, गोळी लागू पडते का, तिचा परिणाम किती तास टिकतो आणि पुढच्या वेळी दुपारसाठी काय तयारी हवी. पुढे डॉक्टरांकडे जावं लागलं तर हेच पान सोबत न्यायचं.

पायरी २: शेक

शेकाला दुय्यम उपाय समजू नकोस. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही स्त्रियांच्या पोटाला साधारण ३९ अंश सेल्सिअसची उबदार पट्टी बांधली होती आणि काहींना आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीची ४०० मिलिग्रॅमची मात्रा दिली होती. नुसत्या उबेनेही गोळीइतकाच आराम पडला. ज्यांनी दोन्ही केलं त्यांना साधारण दीड तासात जाणवेल असा फरक पडला, नुसत्या गोळीवाल्यांना पावणेतीन तास लागले. आकड्यातली एक गोष्ट नीट पाहा: ३९ अंश म्हणजे अंगाच्या तापमानापेक्षा जेमतेम दोन अंश जास्त. चटका बसेल इतकं गरम लागतच नाही. हलकी ऊब, पण बराच वेळ, हे शेकाचं सूत्र आहे.

रबरी पिशवी वापरणार असशील तर उकळतं पाणी ओतू नकोस. पाणी आधी थोडं निवू दे. पिशवी दोन तृतीयांश भर, हाताने दाबून आतली हवा काढ, झाकण घट्ट लाव आणि मोरीत उलटी धरून गळत नाही ना ते बघ. जुनी पिशवी घडीवर चिरली असेल तर ती वापरूच नकोस, कितीही कमी चीर असली तरी. पिशवीला टॉवेल गुंडाळ आणि मनगटाच्या आतल्या बाजूला काही क्षण धरून पाहा. तिथे सुखद वाटली तर पोटालाही चालेल. ओटीपोटावर किंवा कमरेखाली वीस मिनिटं ठेव, काढून त्वचा बघ, मग पुन्हा ठेव. काचेच्या बाटलीत गरम पाणी भरू नकोस, ती तडकते.

त्वचेवर जाळीसारखे लालसर-तपकिरी पट्टे दिसू लागले तर शेक फार गरम होतोय किंवा फार वेळ होतोय असं समज. हे डाग महिनोन् महिने राहतात. डाग दिसले की शेक थांबव. आणि पिशवी किंवा विजेचा पॅड पोटावर ठेवून झोपी जाऊ नकोस. झोपेत चटका बसला तरी लवकर कळत नाही.

पिशवी नसेल तर गरम पाण्याने अंघोळ कर, कमरेवर थोडा वेळ पाणी सोड. पाळीत अंघोळ केल्याने किंवा शेकल्याने काहीही अपाय होत नाही.

पायरी ३: गोळी

इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

वेदनाशामक गोळ्या दोन जातीच्या असतात. एक पॅरासिटामॉल. दुसरी जात आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन आणि मेफेनॅमिक ॲसिड यांची. जॉन वेन या शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. या कामासाठी त्यांना १९८२ सालचं नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएलसन या शास्त्रज्ञांसोबत मिळालं. आयबुप्रोफेन आणि तिच्या बहिणी नेमकं हेच करतात, म्हणून पाळीच्या दुखण्यात त्यांचा गुण पॅरासिटामॉलपेक्षा जास्त येतो.

आता वेळेचा मुद्दा. ही गोळी नवीन रसायन तयार होणं थांबवते, आधीच तयार होऊन बसलेलं काढून टाकत नाही. त्यामुळे कळा शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी आणि पहिली कळ येताच घेतलेली तीच गोळी, यांच्या परिणामात खूप अंतर पडतं. डाग दिसला किंवा तुझी ती ओळखीची कंबरदुखी सुरू झाली की पहिली मात्रा घे. पुढची मात्रा दुखणं परत वर चढण्याची वाट न बघता ठरलेल्या अंतराने घे. ज्या दिवसांत जास्त दुखतं तेवढ्याच दिवसांपुरतं हे करायचं, म्हणजे एक, दोन, फार तर तीन दिवस.

पहिल्यांदा घेण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला एकदा विचार. तुझ्या वजनाला आणि तब्येतीला कोणती गोळी, किती मात्रेत चालेल ते ठरलं की दर महिन्याला गोंधळ होत नाही. साधारण माप असं: १२ वर्षांवरील मुलीसाठी आयबुप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम, दर सहा ते आठ तासांनी, आणि स्वतःहून घेताना दिवसभरात १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. मेफेनॅमिक ॲसिड आणि नॅप्रॉक्सेन डॉक्टर सांगतील त्या मात्रेतच. काहीतरी खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घे. उपाशीपोटी घेतलीस तर पोटात जळजळ होते.

एकाच जातीच्या दोन गोळ्या एकत्र कधीही घेऊ नकोस. एकीने आराम नाही म्हणून वर दुसरी, असं करताना दोन्हींची नावं वेगळी आणि आतलं औषध एकाच जातीचं असतं. म्हणून पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचायला शिक. मैत्रिणीच्या दप्तरातली सुटी गोळी घेऊ नये ती याचसाठी. पट्टी कापलेली असते, नाव अर्धं गेलेलं असतं, तारीख दिसत नाही.

आयबुप्रोफेनच्या जातीची गोळी कुणी घेऊ नये? वेदनाशामकाने ज्यांचा दमा उसळतो, ज्यांना पोटात अल्सर आहे किंवा होता, मूत्रपिंडाचा आजार आहे, रक्त लवकर गोठत नाही, किंवा यापैकी कोणत्याही औषधाची पूर्वी ॲलर्जी आली आहे, अशा मुलींनी. खूप जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तेव्हाही नको. डेंग्यूची शंका असलेल्या तापात पाळी आली तर ही गोळी टाळायची, कारण रक्तस्राव वाढू शकतो. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं, चेहरा सुजला, श्वास लागला किंवा काळी शी झाली तर गोळी बंद करून ताबडतोब डॉक्टरांकडे जा. १६ वर्षांखालच्या मुलींनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ॲस्पिरिन घेऊ नये. या वयात तिच्यामुळे यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा एक दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

ज्यांना ही जात चालत नाही त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल आहे: ५०० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. गुण थोडा कमी येतो, पण जोडीला शेक घेतला तर बऱ्याच जणींचं भागतं.

‘गोळीची सवय लागते’ आणि ‘पुढे मूल होत नाही’ ही दोन वाक्यं मी मुलींच्या आणि त्यांच्या आयांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहेत की स्पष्टच लिहिते. महिन्यातून एक-दोन दिवस योग्य मात्रेत घेतलेल्या या गोळ्यांची शरीराला सवय लागत नाही, आणि पाळीपुरत्या घेतल्याने पुढच्या मातृत्वाला बाधा येत नाही. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांनी रक्तस्राव थोडा कमी होतो, त्यावरून काही जणींना ‘रक्त आत अडकलं’ असं वाटतं. तसं काही अडकत नाही, रक्तच थोडं कमी वाहतं.

पायरी ४: शरीर मोकळं ठेव

कळा चालू असताना व्यायाम कर असं सांगणाऱ्याचा राग येतो, हे मला माहीत आहे. त्या वेळी एवढंच कर: कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घे, किंवा गुडघ्यांवर बसून पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकव. पोटाचे आणि कमरेचे स्नायू सैल पडतात. कळ येईल तेव्हा श्वास रोखू नकोस, तोंडाने हळूहळू बाहेर सोड. कळ ओसरली की उठून खोलीतल्या खोलीत चाल.

खरा व्यायाम करायचा तो पाळी नसतानाच्या दिवसांत. आठवड्यातून तीनदा, पाऊण ते एक तास, भरभर चालणं, पोहणं, नाच, योगासनं, जे आवडेल ते. दोन-तीन महिने टिकवलंस तर पाळीतलं दुखणं कमी झाल्याचं पुष्कळ मुलींना जाणवतं. अभ्यासांमधूनही तेच दिसलंय, मात्र ते अभ्यास फार भक्कम नाहीत. पाळीत खेळावंसं वाटलं तर खुशाल खेळ.

आलं घेतल्याने काही जणींना बरं वाटतं आणि लहान अभ्यासांत त्याला आधारही मिळालाय. घेऊन बघायला हरकत नाही, फक्त त्याच्या भरवशावर गोळी लांबवू नकोस. पाणी पी, झोप पुरी कर. त्याने कळा जातील असं नाही, पण थकलेल्या अंगाला तेच दुखणं जास्त वाटतं.

पायरी ५: घराबाहेरच्या दिवसाची तयारी

दप्तरात एक छोटी पिशवी कायम ठेव: दोन पॅड, एक अंतर्वस्त्र, कागद, आणि घरच्यांनी ठरवून दिलेल्या गोळीच्या दोन मात्रा, पट्टीतच, नाव आणि तारीख दिसेल अशा. शाळेत स्वतःजवळ औषध ठेवू देत नसतील तर घरून चिठ्ठी घेऊन वर्गशिक्षिकेकडे किंवा शाळेच्या नर्सकडे ठेव. गोळी कधी घेतलीस ते हातावर लिहून ठेवलंस तरी चालेल. गडबडीत दोन तासांनी परत घेतली जाते, ते टळतं. पॅड चार ते सहा तासांनी बदल, कमी भरला असला तरी. परीक्षा किंवा सामना त्याच दिवसांत येणार असेल तर पहिल्या मात्रेची वेळ आदल्या रात्रीच ठरव.

घरचा उपाय कधी पुरा पडत नाही

वर सांगितलेलं सगळं योग्य मात्रेत आणि योग्य वेळी करून तीन पाळ्या गेल्या आणि तरीही शाळा बुडतेय, तर आता घरी आणखी काही शोधत बसू नकोस. डॉक्टरांकडे जा. दुखणं दर महिन्याला वाढतंय, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, लघवीला किंवा शौचाला होताना कळ येते, किंवा अगदी पहिल्या पाळीपासूनच असह्य दुखतंय, तरीही जा.

यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे, आणि निदान व्हायला पुष्कळदा वर्षं जातात, कारण ‘सगळ्यांनाच दुखतं’ म्हणून मुलीला परत पाठवलं जातं. आईला किंवा बहिणीला हा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांग. सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणजे तो नाहीच, असंही नसतं.

रक्तस्रावाकडेही लक्ष ठेव. पॅड एक-दोन तासांत पूर्ण भिजतोय आणि असं सलग काही तास चाललंय, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गुठळ्या पडतायत, सात दिवसांनंतरही थांबत नाहीये, जिना चढताना धाप लागते किंवा चक्कर येते, तर तपासणी हवी.

काही वेळा त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा: एका बाजूला अचानक जोराची कळ आणि उलट्या, तापाबरोबर ओटीपोट दुखणं किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, शुद्ध हरपणं. शरीरसंबंध आलेला असेल आणि पाळी चुकलेली असताना पोटात दुखत असेल तर हेही तातडीचंच आहे. घरी सांगायची भीती वाटली तरी डॉक्टरांपासून लपवू नकोस, त्यांना ते कळणं जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं.

आणि एक दुर्मीळ गोष्ट: पंधरा वर्षं पूर्ण झाली, पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ठरावीक दिवसांत ओटीपोट दुखतं. कधी कधी रक्ताची बाहेर यायची वाट जन्मापासूनच बंद असते. छोट्या शस्त्रक्रियेनेही ती बऱ्याचदा मोकळी करता येते, पण आधी कुणीतरी ओळखायला हवं.

मोठ्यांसाठी थोडं

मुलगी ‘दुखतंय’ म्हणाली की ‘आम्हालाही व्हायचं’ या वाक्याने बोलणं संपवू नका. त्याऐवजी विचारा: दहापैकी किती? गोळी कधी घेतलीस? मागच्या महिन्यापेक्षा जास्त आहे का? तुम्हाला स्वतःला पाळीत खूप त्रास व्हायचा असेल, तर तो तुम्ही कसा सोसलात यापेक्षा तो नेमका कसा होता ते डॉक्टरांना सांगा.

दवाखान्यात नोंदींचं पान द्या आणि मुलीला स्वतः बोलू द्या. डॉक्टर थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलू इच्छितील, त्याला हरकत घेऊ नका. शरीरसंबंध न आलेल्या मुलीला बहुधा आतून तपासावं लागत नाही. गरज वाटली तर पोटावरून सोनोग्राफी होते, त्यासाठी पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवावी लागते. साध्या गोळीने भागत नसेल तर डॉक्टर काही महिन्यांसाठी हॉर्मोनच्या गोळ्या देतील. गर्भनिरोधक म्हणून वापरतात त्याच या गोळ्या असतात आणि ते नाव ऐकून पालक दचकतात. इथे त्यांचं काम अस्तर पातळ ठेवणं हे आहे, म्हणजे प्रोस्टाग्लँडिनही कमी तयार होतात. बंद केल्यावर पाळी पूर्ववत होते आणि पुढे मूल होण्यात त्या आड येत नाहीत. मायग्रेन, विशेषतः डोळ्यांपुढे चमकून येणारा, किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा आजार असेल तर मात्र गोळ्या सुरू करण्याआधी ते सांगितलं पाहिजे. आणि तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही तर ‘थांबून बघू’ म्हणत न बसता त्याच डॉक्टरांकडे, नाहीतर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, ती वही घेऊन पुन्हा जा.